मदत हवी आहे: चौघांचा सीपीआर आणि शॉकच्या आधी थांबणारे हात

नमस्कार मंडळी,

मी रुग्णवाहिकेवर काम करते. इथे या क्षेत्रातली बरीच माणसं आहेत, म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे. प्रशिक्षण देणाऱ्यांनी आणि आयसीयूत काम केलेल्यांनी जरूर उत्तर द्यावं.

आमची टीम चौघांची. दोघं आधी पोचतात, उरलेले दोघं काही मिनिटांनी दुसऱ्या गाडीतून येतात. सीपीआर (हृदय थांबल्यावर छातीवर दाब आणि श्वास देणं) चौघांनाही चांगला येतो. एकेकट्याला डमीवर बसवलं तर नाव ठेवायला जागा नाही: मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येते. बिघडतं ते चौघं एकत्र आल्यावर.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ घरच्यांसमोर कोसळले. त्यांच्या मुलीने फोनवरच्या सूचना ऐकत आम्ही पोचेपर्यंत दाब दिले होते. मॉनिटर लावला तर व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर). म्हणजे ज्याला शॉकचा उपयोग होतो, ज्याच्या परतण्याची आशा जास्त असते, असा पेशंट. ते परतले नाहीत.

नंतर मी मॉनिटरमधली नोंद काढून बघितली. पहिल्या शॉकच्या आधी आमचे हात २१ सेकंद थांबले होते. शॉकनंतर आणखी ९. दुसऱ्या शॉकलाही जवळपास तेच. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं, तर डोळ्याची पापणी लवेपर्यंतच थांबलो असं मी शपथेवर सांगितलं असतं.

ती २१ सेकंदं कुठे गेली हे मी नोंद आणि आठवण शेजारी ठेवून शोधलं. "थांबा, ऱ्हिदम बघू" असं झाल्यावर तिघंही स्क्रीनकडे वळलो. दोघांनी मत दिलं. मग कुणीतरी चार्जचं बटण दाबलं आणि मशीन भरेपर्यंत सगळे हात वर करून उभे. "क्लिअर" दोनदा झालं. शॉक बसला आणि पुन्हा सगळे स्क्रीनकडे, काही बदललं का बघायला. कुणीच कामचुकारपणा केला नाही. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबला होता, एवढंच.

या क्षेत्रात नसलेले कुणी वाचत असतील तर सांगते, ही सेकंदं का टोचतात. छातीवर दाब देत राहिलं की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत हळूहळू दाब तयार होतो. हात थांबले की तो लगेच पडतो आणि पुन्हा वर यायला बरेच दाब द्यावे लागतात. रक्त न मिळालेल्या हृदयाला शॉक दिला तर ते सावरण्याची शक्यता कमी होते. म्हणून विराम १० सेकंदांच्या आत ठेवायचा, हे आम्हाला तोंडपाठ आहे. तोंडपाठ असूनही २१ झाले.

दुसरी अडचण माणसांची. आमच्यातले सगळ्यात अनुभवी दादा कागदावर टीम लीडर आहेत. पण श्वासमार्गाचं काम त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही, म्हणून ते डोक्याशी बसतात, श्वासनलिकेत घालायच्या नळीत गुंततात आणि मग सगळ्यांकडे एकदम बघणारं कुणीच उरत नाही. मी वयाने आणि हुद्द्याने लहान. "दादा, फार वेळ झाला" हे माझ्या तोंडून निघत नाही.

हा विराम कमी करण्यासाठी तुमच्या टीममध्ये नेमकं काय करता? आणि लीडरने कुठे उभं राहायचं?

प्रतिसाद १

ताई, आधी हे मनावर घ्या की तुमच्या चौघांत वाईट कुणी नाही. कामाचा क्रम चुकला आहे आणि क्रम सुधारता येतो. मी बरीच वर्षं हेच शिकवतो.

सगळ्यात मोठा फरक पडेल तो चार्ज कधी करता यावर. दर दोन मिनिटांनी ऱ्हिदम तपासतो, ती दोन मिनिटं संपायला १५ सेकंद उरली की मॉनिटरवाल्याने मोठ्याने "चार्ज करतोय, दाब चालू ठेवा" म्हणायचं आणि दाब चालू असतानाच मशीन भरून ठेवायचं. दोन मिनिटं पूर्ण झाली की हात उचला. फक्त एकाने स्क्रीन बघायची, फक्त त्यानेच बोलायचं. व्हीएफ असेल तर ऑक्सिजन बाजूला, सगळे दूर, शॉक. नसेल तर चार्ज सोडून द्यायचा आणि दाब सुरू. शॉक बसताक्षणी पुढचा माणूस दाबायला लागतो. स्क्रीन बघायची नाही, नाडी चाचपायची नाही, ते पुढच्या दोन मिनिटांनंतर. हे नीट बसलं तर विराम पाच-सहा सेकंदांवर येतो. मात्र हे हाताने चालवायच्या मॉनिटरचं झालं. एईडी (आपोआप चालणारं शॉकचं मशीन) स्वतः तपासते, तिथे ती सांगेल तेव्हाच हात काढायचे.

दुसरं, जागा. मोटारींच्या शर्यतीत गाडी थांबते तेव्हा चाक कुणी काढायचं हे गाडी येण्याआधी ठरलेलं असतं. या पद्धतीचं पिट क्रू सीपीआर हे नाव तिथूनच आलं. छातीच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक, तिसरा डोक्याशी. दाब डावीकडचा दोन मिनिटं देतो, मग उजवीकडचा. जागा कुणी सोडत नाही, त्यामुळे अदलाबदलीत वेळ जात नाही. डोक्याशी असलेला दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरतो आणि श्वास देणारी हवेची बॅग दाबतो तो बाजूचा, ज्याचे हात त्या वेळी मोकळे आहेत. एका हाताने मास्क धरून दुसऱ्याने बॅग दाबली की हवा कडेने निसटते, हे मी कसलेल्या लोकांच्या बाबतीतही बघितलं आहे.

आणि दोन मिनिटांनी माणूस बदलायचाच. दाब देणारा "मला जमतंय" म्हणतो ते खरंच म्हणतो, पण दमल्यावर खोली कमी होते आणि त्याला ते कळत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. चार्ज आधी करून ठेवण्याबद्दल ऐकलं होतं, पण दाबणाऱ्याला शॉक बसेल या भीतीने आम्ही कधी केलं नाही. आणि आधीच्या काही मिनिटांत आम्ही दोघंच असतो, तेव्हा यातलं काय धरायचं?

प्रतिसाद १

भीती रास्त आहे, म्हणूनच "चार्ज करतोय" हे मोठ्याने म्हणायचं आणि शॉकच्या बटणाजवळ एकाच माणसाचं बोट. चार्ज झालेलं मशीन बटण दाबल्याशिवाय शॉक देत नाही. डमीवर वीस-तीस वेळा करा, भीती जाईल.

दोघंच असाल तर एक दाबतो, दुसरा पॅड लावतो. पॅड लावताना दाब थांबवायचे नाहीत. मग बॅग-मास्क, ३० दाबांना २ श्वास. सलाइनची सुई आणि नळी दोन्ही दुसरी गाडी येईपर्यंत बाजूला राहू द्या. पलंगावर किंवा अडचणीत असेल तर पेशंटला आधी मोकळ्या जमिनीवर घ्या. त्यात गेलेली काही सेकंदं पुढे भरून निघतात.

लीडरने पायाशी उभं राहावं, हात रिकामे ठेवून. तिथून छाती, मॉनिटर, घड्याळ सगळं दिसतं.

प्रतिसाद २

मी आयसीयूत सिस्टर आहे. तुमचा दादांचा प्रश्न वाचून मला माझी पहिली वर्षं आठवली, म्हणून लिहिते.

तुम्ही दादांना काही सांगूच नका, मोजा. ज्या क्षणी हात उचलले जातात त्या क्षणापासून घड्याळवाल्याने मोठ्याने "एक, दोन, तीन..." म्हणायचं. आमच्याकडे हे काम सगळ्यात नवीन मुलीला देतात. आकडा सातवर गेला की मोठे डॉक्टरसुद्धा आपोआप घाई करतात, कारण ते कुणाला उद्देशून नसतं. मात्र हे कामावर असताना अचानक सुरू करू नका. आधी सरावात, सगळ्यांच्या संमतीने ठरवा.

बॅगबद्दलही एक. घाबरलेला हात बॅग भराभर दाबतो. नळी टाकल्यावर ६ सेकंदांना एक श्वास, म्हणजे मिनिटाला १०, एवढाच हवा. जास्त हवा गेली की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि दाब देणाऱ्याची मेहनत वाया जाते. तुमच्याकडे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजायची सोय असेल तर तो आकडा लीडरने बघत राहावा. तो १० mmHg च्या खाली राहिला तर आधी दाब सुधारा. एकदम वर उडी मारली तर रक्ताभिसरण परत आलं असण्याची शक्यता असते.

आणि ताई, त्या मुलीपर्यंत निरोप पोचवता आला तर पोचवा. तिने दाब दिले नसते तर तुम्हाला व्हीएफ मिळण्याऐवजी सरळ रेषा मिळाली असती अशी शक्यता फार होती. हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, पण कळवायचं होतं. नोंद मी चौघांसमोर ठेवली. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "नळी मी तुम्हाला शिकवतो, मी पायाशी उभा राहतो." मला वाटलं होतं त्यापेक्षा हे खूप सोपं गेलं.

डमीवर आता विराम सहा-सात सेकंदांचा येतोय. एकदा चार्ज करताना मोठ्याने म्हणायचं राहिलं, तेव्हा दादांनी सगळं थांबवून पहिल्यापासून करायला लावलं. मोजायचं काम माझ्याकडे आहे.

दुसरी गाडी येते तेव्हा मात्र अजून गोंधळ होतो. आत येणारे विचारतात, सांगणारा दाब मोजायचं विसरतो. त्यासाठी आम्ही एकच वाक्य ठरवलं आहे, तेही फक्त घड्याळवाल्याने बोलायचं: "व्हीएफ, दोन शॉक, अ‍ॅड्रेनलिन एकदा, पुढची तपासणी ४० सेकंदांनी, तू उजवीकडे." पुढच्या आठवड्यात याचा सराव आहे. यात काही राहिलं असेल तर सांगा.

मुलीला मी आणि दादा भेटून आलो.