मदत हवी आहे: कोळंबी चालते, मग बाकीचं नियमशास्त्र?

वांद्र्याला आमच्याकडे जेवायला आलेला ऑफिसातला मित्र म्हणाला, "कोळंबी, डुक्कर, दोन्ही बायबलातल्या लेवीय ११ मध्ये निषिद्ध. पापाची यादी तुम्ही सोयीने निवडता!" (डुकराच्या मांसाचं सोरपोटेल मात्र दोनदा वाढून घेतलं.)

मी प्रेषित पेत्राला झालेला दृष्टान्त सांगितला, ज्यात देव सगळे प्राणी शुद्ध ठरवतो (प्रेषितांची कृत्ये १०). तो त्याच पुस्तकातल्या १५:२९ वर अडून बसला: तिथे परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनाही रक्त वर्ज्य आहे, आणि त्याच वाक्यात जारकर्मही. पारंपरिक सोरपोटेलात तर रक्त घालतातच! मग एक सुटलं आणि दुसरं कायमचं पाप, हे कसं?

ईशज्ञानी थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात नियमशास्त्राचे नैतिक, विधींचे, न्यायविषयक असे भाग मांडले, ते ठाऊक आहे. पण खुद्द शास्त्रवचनातून ते कसे दाखवायचे? ईशज्ञान शिकलेलं कुणी आहे का? "चर्च सांगतं म्हणून" एवढ्यावर तो ऐकणार नाही, आणि खरं तर मलाही ते पुरत नाही.