मदत हवी: बहिणीला हॉस्पिटलमधून सोडत नाहीत, अपील कुठे करायचं? (अर्जंट)

ऐरोलीचा_बंटी:
अपील कुठे करायचं एवढंच सांगा, बाकी मी बघतो. ताईला आत टाकून 19 दिवस झाले, नवी मुंबईतलंच मानसिक आजारांचं प्रायव्हेट हॉस्पिटल आहे, नाव नाही लिहीत. काल भेटायला गेलो तर पाच मिनिटं दिली, ती पण नर्ससमोर. तिच्या पायात स्लिपरसुद्धा तिच्या नव्हत्या, एक निळी एक चॉकलेटी. घेऊन चल म्हणाली. डॉक्टर म्हणतात मिस्टरांना विचारा आणि दाजी फोन उचलत नाहीत. मी सख्खा भाऊ आहे, मला काहीच अधिकार नाही का???

गप्पिष्ट_ठाणेकर:
हायकोर्टात हेबिअस कॉर्पस टाका सरळ, म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा अर्ज. मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय ठेवूच शकत नाहीत. आमच्या सोसायटीतल्या एकाने टाकलेलं, तो विषय वेगळा होता पण टाकलेलं.

काळा_कोट:
मॅजिस्ट्रेटचं तुम्ही 1987 च्या कायद्यातलं सांगताय, तो गेला. आता 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. बंटी, ताई स्वतः सही करून दाखल झाली की दुसऱ्या कोणाच्या सहीने? स्वतःच्या असेल तर ती मागेल तेव्हा सोडायला लागतं, तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवतील. दुसऱ्याच्या असेल तर कलम 89, जास्तीत जास्त 30 दिवस. सही कोणाची ते सांगा आधी.

ऐरोलीचा_बंटी:
ताईची नाही. ती शुद्धीत असून नसल्यासारखी होती, चार रात्री झोप नाही, गॅस चालू ठेवून गॅलरीत बसलेली. पण आता नीट बोलते हो.

नेरुळची_मावशी:
बाळा, रागावू नकोस, माझा मुलगाही पाचव्या दिवशी नीटच बोलत होता. हट्ट करून घरी आणला, आठवड्यात गोळ्या बंद, दुसऱ्यांदा ॲडमिट करताना चार माणसं लागली. महिना काढू दे तिला.

काळा_कोट:
मावशी, तब्येत बघून डॉक्टर ठरवतील, पण विचारायचा हक्क आहेच की. कलम 89 मध्ये दर सात दिवसांनी बघायचं असतं की पेशंट स्वतः संमती देऊ शकते का. शिवाय बाई असेल तर तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे असे दाखले तपासणाऱ्या मंडळाला, कळवायला लागतं.

लेस्टरचा_पाटील:
इकडे इंग्लंडात नीअरेस्ट रिलेटिव्ह कायद्यानेच ठरतो, नवरा-बायको आधी. तो 72 तासांची नोटीस देऊन डिस्चार्ज मागू शकतो, आणि धोका आहे म्हणून डॉक्टरने अडवलं, सेक्शन 3 म्हणजे उपचारांसाठी ठेवलेलं असेल, तर 28 दिवसांत ट्रायब्युनलकडे, म्हणजे तिथल्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करता येतो. तुमच्याकडे तसं नाही का?

गप्पिष्ट_ठाणेकर:
पाटील, ऐरोलीत ट्रायब्युनल कुठून आणायचं 😄 बाकी मेडिक्लेम आहे का? मानसिक आजारालाही विमा द्यायला लागतो आता, आमच्या एजंटने वर्षभर लपवलं.

काळा_कोट:
आपल्याकडे नवरा पुढे, भाऊ मागे असं नाही. रक्ताचं, लग्नाचं, दत्तक, सगळे नातेवाईकच. महत्त्वाचं एवढंच की 'नामनिर्देशित प्रतिनिधी' कोण, म्हणजे उपचारांच्या निर्णयात पेशंटच्या बाजूने उभा राहणारा माणूस. ताईने साध्या कागदावर सही करून तुझं नाव दिलं तरी चालतं, कधीही बदलता येतं. अर्ज ती स्वतः करेल किंवा तिचा प्रतिनिधी. तिसऱ्यांदा विचारतो, फॉर्मवर सही कोणाची?

ऐरोलीचा_बंटी:
माझी.
म्हणजे दाजी पुण्याला होते, रात्री अडीच वाजता पाच-सहा ठिकाणी सह्या घेतल्या, वाचलं कोणी. म्हणून तर विचारतोय.

गप्पिष्ट_ठाणेकर:
अरे!!! मग एवढा वेळ दाजींना शिव्या का घालतोयस

काळा_कोट:
अरे बाबा, मग बहुतेक प्रतिनिधी तूच आहेस. कागदाची कॉपी माग, कलम कुठलं आणि प्रतिनिधी म्हणून नाव कोणाचं तेवढं बघ. मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज कर, फी नाही, 89 च्या अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मंडळाकडे जाता येतं हे हॉस्पिटलने तुला आणि ताईला सांगायलाच हवं होतं, पत्ता त्यांच्याकडूनच घे. मंडळाने नाही म्हटलं तर 30 दिवसांत हायकोर्ट. वकील परवडत नसेल तर ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फुकट. 30 दिवसांनंतर ठेवायचं तर कलम 90 लागतं, दोन सायकियाट्रिस्ट आणि मंडळाची परवानगी, त्यामुळे आता थांबू नकोस.

नेरुळची_मावशी:
आणि गोळ्यांची चिठ्ठी घेतल्याशिवाय तिला बाहेर काढू नकोस. मध्येच काही वाटलं तर 14416 ला फोन कर, टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

ऐरोलीचा_बंटी:
उद्या सकाळी जातो. अर्ज मराठीत चालेल ना? आणि तिच्या स्लिपर नेल्या तर आत देतील का?

नेरुळची_मावशी:
स्लिपर देतात. नाडीवाले बूट नको नेऊस.