बाबांच्या कॅथेटरला घेऊन सारखं इन्फेक्शन, काय करावं?

मनीषनगरवाला: बाबा ७४ चे, प्रोस्टेटमुळं लघवी अडकली म्हणून नळी टाकून घरी पाठवलं, त्याला ५ आठवडे झाले. दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला तरी परवाच्या कल्चरमध्ये (लघवीतल्या जंतूंच्या तपासणीत) पुन्हा बॅक्टेरिया. ताप नाही, जेवण बरोबर, फक्त लघवी गढूळ अन् वास. घरात एक जण सांगून राहिला डेटॉलनं धू, दुसरा म्हणते पिशवी रोज बदल. काऊन होऊन राहिलं असं?

धंतोलीची सिस्टर: सॅम्पल कुठून घेतलं दादा? पिशवीतलं असेल तर त्या रिपोर्टला काही अर्थ नाही. अन् महिनाभर नळी राहिली की जवळपास सगळ्यांच्याच लघवीत बॅक्टेरिया निघतात, नळीला आतून त्यांचा थर बसतो, गोळ्यांनी तो निघत नाही. ताप, थंडी, कमरेत दुखणं, एकदम बरळणं असं काही नसेल तर नुसत्या वासावर अँटिबायोटिक नको, उगाच देत राहिलं की खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. डेटॉलनं कातडी जळते, रोज साबण-पाणी पुरे. पिशवी रोज कशाला बदलता, जोड उघडला की जंतू आत, त्यापेक्षा अर्धी भरली की खालचा नळ उघडून रिकामी करा, आधी अन् नंतर हात धुवून, नळाचं तोंड भांड्याला टेकू देऊ नका.

कूलरसमोर: आईच्या वेळी मी शहाणा, व्हीलचेअरवर नेताना पिशवी तिच्या मांडीवरच ठेवायचो, लघवी उलटी आत जायची अन् मला पत्ताच नाही! पिशवी कमरेच्या खाली पाहिजे पण फरशीवर नको, आम्ही पलंगाच्या पट्टीला हुक लावला. नळी मांडीला टेपनं चिकटवा, ओढल्या जात नाही. आपल्याकडचा मे महिना म्हणजे पाण्याकडे लक्ष द्या, हार्ट-किडनीचं काही असेल तर डॉक्टरले विचारून.

मनीषनगरवाला: सॅम्पल पिशवीतलंच होतं बाप्पा 🙏

धंतोलीची सिस्टर: मग युरोलॉजिस्टला एकच विचारा, नळी अजून कशासाठी आहे, काढून पाहायची केव्हा? जितके दिवस नळी तितका धोका, बाकी सगळं त्याच्यानंतर. खरंच इन्फेक्शन झालं अन् नळी २ आठवड्यांच्या वर जुनी असली तर ती बदलून नवीनमधून सॅम्पल घ्यायला सांगा. लघवी यायची थांबली, ओटीपोट फुगलं किंवा थंडी वाजून ताप आला तर रात्रीचे २ वाजले तरी कॅज्युअल्टीत न्या.

मनीषनगरवाला: संध्याकाळीच ओपीडी आहे, विचारतो. हुक आणला, पिशवी इतके दिवस फरशीवरच होती.