गर्दी आणि खर्च या दोन गोष्टी वेगळ्या

"कचरा असला तरी किनाऱ्यावरची गर्दी हटत नाही, मग नुकसान कुणाचं?" असं या चर्चेत एकाने विचारलंय. दिवाळीच्या सुट्टीपुरतं मान्य, पण आलेला माणूस खर्च करतोच असं नाही. मागे पावसाळा संपता संपता आम्ही बेळगावहून आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याकडच्या एका किनाऱ्यावर गेलो. मुक्काम करायचा बेत होता. वाळूत बाटल्या, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे. पोरगी चप्पल काढायला तयार होईना. अर्ध्या तासात गाडी फिरवली. माशाचं जेवण, शहाळी, खोलीचं भाडं, सगळं राहिलं. मोजणीत मात्र आम्ही पर्यटक धरले गेलो असणार!

आणि गर्दीही हटते. दक्षिण कोरियाच्या गोजे बेटावर जुलै २०११ मध्ये अतिवृष्टीने नद्यांतला कचरा किनाऱ्यांवर आणून टाकला. २०१० मध्ये ८,९०,४३५ लोक आले होते, २०११ मध्ये ३,३०,२०७. अभ्यासकांनी पर्यटनाचं नुकसान २.९ ते ३.७ कोटी डॉलर काढलं. घाण त्या हॉटेलवाल्यांची नव्हतीच, ती वरून वाहत आली.

"हा गोव्या-कोकणाचा प्रश्न, आपल्याला काय?" म्हणणाऱ्यांसाठी: बेळगाव शहराचं पाणी पूर्वेला कृष्णेकडे जातं खरं, पण म्हादई खानापूर तालुक्यातच उगम पावते आणि मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. तिथल्या ओढ्याकाठी सहलीला जाऊन आपण टाकलेल्या पाण्याच्या बाटलीला पणजीच्या मिरामार किनाऱ्याचा रस्ता मोकळाच आहे.