बीजिंगच्या हुतोंगमध्ये राहण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरअखेर आई-बाबांना घेऊन बीजिंगला जातोय. ड्रम टॉवरजवळच्या एखाद्या हुतोंगमध्ये, म्हणजे जुन्या अरुंद गल्लीत, चौक असलेल्या जुन्या घरात उतरायचा विचार आहे. नानलुओगुशियांग ही प्रसिद्ध गल्ली नको, तिथे कायम जत्रा! बाबांचे गुडघे दुखतात. या गल्ल्यांत बऱ्याच घरांत स्वतःचा संडास नसतो, कोपऱ्यावरचा सार्वजनिक वापरतात. गेस्टहाउसात खोलीला जोडून, कमोडवाला नक्की मिळतो ना? दाराचे उंबरठे फार उंच असतात का? टॅक्सी आत येते की बॅगा ओढत न्यायच्या? परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे २४ तासांत करायची नोंद मालक करून देतात का? शहराचं सामायिक हीटिंग १५ नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतं, तोवर खोलीत हीटर असतो का? राहून आलेल्यांनीच सांगा, बुकिंग साइटचे फोटो पाहून झालेत.