चर्चा: स्थानिक शोधासाठी देशाचे डोमेन घ्यावे, की सर्व्हर जवळ आणावा?

संकेतस्थळ एकाच देशातील वाचकांसाठी असेल, तर त्या देशाचे डोमेन एक्स्टेंशन घ्यावे आणि सर्व्हर कुठे आहे याची चिंता सोडून द्यावी, असे माझे मत आहे. .डीई म्हणजे जर्मनी, .एफआर म्हणजे फ्रान्स, हे शोधयंत्राला मजकूर न वाचताही कळते; .कॉममध्ये ही सोय नाही. पूर्वी सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळाच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या साधनात) .कॉमलाही एखादा देश नेमून देता येत असे, पण २०२२ मध्ये गूगलने ती सुविधा बंद केल्यामुळे एक्स्टेंशनचे महत्त्व उलट वाढले आहे. सर्व्हरचे ठिकाण निर्णायक मानले जात नाही, हे तर गूगलच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेले आहे, कारण कित्येक संकेतस्थळे सीडीएनवरून (जगभर पसरलेल्या, पानांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावरून) चालतात किंवा चांगले होस्टिंग मिळते म्हणून परदेशात ठेवलेली असतात. तरीही ‘स्थानिक आयपी (त्या देशातील सर्व्हरचा इंटरनेट पत्ता) घ्या, क्रमवारी सुधारेल’ असे होस्टिंग विकणारे बिनदिक्कत सांगत असतात.

प्रतिसाद १ : असहमत

एक सुविधा बंद झाली म्हणून दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व वाढले, हा निष्कर्ष ओढूनताणून काढलेला वाटतो. देशाचे डोमेन घेतले की त्या देशाशी बांधले जाणे आलेच; पुढे दुसऱ्या देशात जायचे ठरले, तर नवे डोमेन घेऊन इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांची जमवाजमव पुन्हा शून्यापासून करावी लागते. त्यापेक्षा एकाच .कॉमखाली देशवार फोल्डर करून एचरेफलँग (कोणते पान कोणत्या भाषेसाठी किंवा देशासाठी आहे हे शोधयंत्राला सांगणारी खूण) लावणे शहाणपणाचे, आणि ही सोय २०११ पासून उपलब्ध आहे. शिवाय .आयओ, .टीव्ही, .को ही मुळात देशांची किंवा प्रदेशांची एक्स्टेंशन असूनही गूगल त्यांना सर्वसाधारण मानते आणि २०२३ पासून अँग्विलाचे .एआयही त्याच यादीत गेले आहे. खुद्द गूगलने २०२५ मध्ये आपली देशनिहाय डोमेन गूगल.कॉमकडे वळवण्याचे जाहीर केले, यातून काय ते समजावे.

प्रतिसाद २ : सर्व्हरला इतक्या सहज बाद करू नये

आयपीचा देश पाहून क्रमांक मिळत नाही, हे मान्य. पण अंतराचा हिशेब कुणी मांडलेलाच नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दहा हजार किलोमीटरवरील सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास किमान १०० मिलिसेकंद लागतात. जोडणी उभी करणाऱ्या टीसीपीची एक फेरी, ती सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.३ ची दुसरी आणि प्रत्यक्ष मागणीची तिसरी धरली, तर उत्तराचा पहिला बाइट येईपर्यंत ३०० मिलिसेकंद केवळ प्रवासात जातात आणि डेटाबेसचा वेळ त्यावर वेगळा. पहिला बाइट ८०० मिलिसेकंदांच्या आत यावा अशी गूगलची शिफारस आहे. तिच्यातला मोठा हिस्सा आपण नुसत्या अंतरापायी घालवतो. वेग हा क्रमवारीचा घटक २०१० पासून आहे आणि मोबाइलवरील शोधासाठी २०१८ पासून.

धागाकर्ता :

प्रतिसाद १ मधील शेवटचे उदाहरण इथे लागू होत नाही. शोधणारा गूगलचे कोणते डोमेन उघडतो आणि निकालात येणाऱ्या संकेतस्थळाचे डोमेन कोणते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ पासून निकाल शोधणाऱ्याच्या ठिकाणानुसार दिसतात, म्हणून गूगलला स्वतःच्या देशनिहाय डोमेनची गरज उरली नाही, इतकाच त्याचा अर्थ. .एआयच्या उदाहरणाने तर माझ्याच म्हणण्याला बळ मिळते: एखादे एक्स्टेंशन मुद्दाम यादीत घालून सर्वसाधारण ठरवावे लागते, याचाच अर्थ बाकीची देशाशी जोडलेली धरली जातात.

प्रतिसाद २ मधील गणित बरोबर आहे, पण तो वेगाचा मुद्दा झाला. पाने सीडीएनच्या जवळच्या केंद्रात साठवली, की मूळ सर्व्हर कुठेही असला तरी चालतो.

प्रतिसाद २ कडून पुन्हा :

साठवता येणाऱ्या पानांपुरतेच हे खरे आहे. लॉगिननंतरचे पान किंवा दुकानातील मालाचा दर मिनिटाला बदलणारा साठा दाखवणारे पान मूळ सर्व्हरकडूनच येते. अर्थात लॉगिनमागची पाने शोधात येतच नाहीत, हे मी सोडून देतो. बदलत्या साठ्याची पाने मात्र येतात.

प्रतिसाद ३ : नकाशातील निकालांचे काय?

आतापर्यंतची चर्चा देशपातळीवरच्या निकालांची आहे. नकाशासह दिसणारे जवळपासच्या व्यवसायांचे निकाल सुसंगती, अंतर आणि ख्याती यांवर ठरतात, असे गूगल सांगते, आणि हे अंतर व्यवसायाच्या पत्त्यापासूनचे असते, सर्व्हरपासूनचे नव्हे. ज्यांचे ग्राहक एकाच शहरातले आहेत, त्यांनी एक्स्टेंशनचा वाद घालण्याआधी गूगलवरील बिझनेस प्रोफाइलमधील (व्यवसायाच्या माहितीच्या नोंदीतील) वर्ग, पत्ता आणि वेळा तपासाव्यात. त्या चुकीच्या असतील, तर .कॉम घेऊनही काही होणार नाही आणि देशाचे डोमेन घेऊनही.