भातखाचराची वरची माती वीटभट्टीला द्यावी का?

मुलुंडकर:
आमची कर्जत तालुक्यात दीड एकर भातजमीन आहे. आम्ही मुंबईत असल्याने गावातील एक कुटुंब ती अर्धेलीने (निम्म्या पिकाच्या वाट्याने) कसते. यंदा एका वीटभट्टीवाल्यांनी वरची फूटभर माती मागितली आहे. खाचर खोल झाले की पाणी अधिक दिवस थांबेल, असे त्यांचे म्हणणे आहे. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत येणारा कार्बन) 0.38 टक्के, म्हणजे मुळातच कमी आला आहे. नंतर दोन वर्षे शेणखत घातले की झीज भरून निघेल, असे घरातील काहींना वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खाचरकाठ:
माती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षांच्या चिखलणीमुळे (लावणीपूर्वी खाचरात चिखल करण्यामुळे) नांगराच्या तासाखाली जो घट्ट थर बसतो, तोच खाचरात पाणी धरून ठेवतो. फूटभर माती उचलली की तो थरही तिच्याबरोबर जातो, आणि खाली मुरूम लागला तर पाणी थांबण्याऐवजी झिरपून जाईल. शेणखताचा हिशेबही बसत नाही. एका एकरातील वरच्या 15 सेंटीमीटर मातीचे वजन ढोबळमानाने 800 टन भरते, म्हणजे कर्ब 0.1 टक्क्याने वाढवण्यासाठी सुमारे 800 किलो कर्ब तिच्यात टिकून राहावा लागतो. परंतु कोकणच्या उष्ण, दमट हवेत घातलेल्या खतातील बराचसा कर्ब लवकर कुजून वायुरूपाने निघून जातो.

वरकस (भांडुप):
सहमत आहे, मात्र कर्ब मुळात कमी का, हेही शोधावे. आमच्या मुरबाडकडे वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवरील फांद्या, पाला आणि शेण खाचरात पसरून जाळत, म्हणजे राब भाजत, व तेथेच भाताची रोपे टाकत. राबामुळे तणांचे बी मरते आणि राखेतून पालाश मिळते, पण पाल्यातील नत्र व कर्ब धुरात जातात. आता वरकसांवर फार्महाऊसचे प्लॉट पडल्याने पाला मिळत नाही, आणि उतारावरची सैल झालेली माती व मुरूम पावसात खालच्या खाचरांत उतरतो. आपल्या वरच्या अंगाला असे सपाटीकरण झाले आहे का?

मुलुंडकर:
होय, दोन प्लॉट पाडले आहेत. शिवाय पेंढा आम्ही सगळाच विकतो. नेरळची सगुणा भातलागवड पद्धत येथे चालेल का?

खाचरकाठ:
त्या पद्धतीत गादीवाफ्यांवर (उंच वाफ्यांवर) बियाण्याची टोकणी होते, चिखलणी व आवणी (रोपांची लावणी) टळते आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजतात. कर्बाच्या दृष्टीने हे हिताचे आहे. तणनाशकावरचा भर मात्र मला खटकतो, आणि पाणथळ खाचरात वाफे टिकतीलच असे नाही, म्हणून पहिल्या वर्षी एकाच खाचरात करून पाहावे. मुंबईत बसून हे ठरवण्यापूर्वी कसणाऱ्या कुटुंबाशी बोलावे, कारण कष्ट त्यांचे आहेत. निम्मा पेंढा शेतात ठेवणे, बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडे लावून त्यांचा पाला जमिनीत गाडणे आणि भातानंतर वाल पेरणे यंदापासूनच जमेल. वरून येणारा मुरूम अडवण्यासाठी पावसाआधी त्या अंगाला चर खणून घ्यावा.